जागतिकीकरण आणि माहितीची विषम वाटणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहितीची विषमता म्हणजे काय? ‘डिजिटल दरी’पेक्षा ती वेगळी आहे का?

आपल्या जगण्याविषयीचे निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती शोधता येणे, ती मिळणे, समजणे, पडताळून पाहता येणे आणि आपल्याजवळ असलेली माहिती इतरांपर्यंत पोहोचवता येणे, या सगळ्या क्षमता जगात सर्वांकडे सारख्या नाहीत. या तफावतीला माहितीची विषमता म्हणतात. ‘डिजिटल दरी’ हा शब्दप्रयोग १९९० च्या दशकात रूढ झाला आणि तो प्रामुख्याने संगणक, दूरध्वनी व इंटरनेट यांच्या उपलब्धतेविषयी बोलतो, त्यामुळे त्याचा आवाका लहान आहे. हातात फोन असलेल्या, पण स्वतःच्या भाषेत आजारपणाविषयी एकही भरवशाचा मजकूर न सापडणाऱ्या माणसाची नोंद डिजिटल दरीच्या आकडेवारीत ‘जोडलेला’ अशीच होते.

मानवी हक्कांच्या १९४८ च्या वैश्विक जाहीरनाम्यातील एकोणिसाव्या कलमात माहिती आणि विचार शोधण्याचे, मिळवण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य, सरहद्दींची पर्वा न करता, प्रत्येकाला आहे असे म्हटले आहे. शोधणे, मिळवणे आणि देणे ही तीन क्रियापदे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. माहितीच्या वाटणीविषयीच्या बहुतेक योजना यांतल्या मधल्याच क्रियापदाचा हिशेब ठेवतात. तिसऱ्याचा हिशेब जवळजवळ कोणीच ठेवत नाही, आणि माझ्या मते मुख्य प्रश्न तिथेच आहे.

आज जगात किती लोक इंटरनेटपासून दूर आहेत?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील सुमारे ५५० कोटी लोक, म्हणजे लोकसंख्येच्या ६८ टक्के, इंटरनेट वापरत होते आणि सुमारे २६० कोटी लोक वापरत नव्हते. मात्र जगाची सरासरी येथे फारसे काही सांगत नाही. उच्च उत्पन्न असलेल्या देशांत हे प्रमाण ९३ टक्के होते, तर सर्वांत कमी उत्पन्न असलेल्या देशांत अवघे २७ टक्के. शहरांत ८३ टक्के लोक जोडलेले होते आणि ग्रामीण भागांत ४८ टक्के. पुरुषांमध्ये हे प्रमाण ७० टक्के आणि स्त्रियांमध्ये ६५ टक्के होते. पाचव्या पिढीचे मोबाईल जाळे उच्च उत्पन्नाच्या देशांतील ८४ टक्के लोकांपर्यंत पोहोचले असताना सर्वांत गरीब देशांत ते केवळ ४ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. पहिल्या पिढ्यांमधील अंतर थोडेफार भरून येते न येते तोच नवी पिढी येते आणि अंतर पुन्हा सुरुवातीपासून पडते, हे यातून स्पष्ट दिसते.

मोबाईलचा सिग्नल पोहोचला की प्रश्न सुटतो, असे नाही का?

नाही. मोबाईल इंटरनेटचा सिग्नलच मिळत नाही अशा भागात राहणारे लोक आता जगाच्या लोकसंख्येच्या चार-पाच टक्केच उरले आहेत. जे इंटरनेट वापरत नाहीत त्यांपैकी फार मोठा भाग सिग्नलच्या टप्प्यातच राहतो.

यामागची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले कारण किमतीचे. परवडण्याजोगे इंटरनेट म्हणजे ज्याचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून अधिक नाही असे इंटरनेट, असा निकष संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने ठरवला असून अनेक गरीब देश या निकषाच्या पुष्कळ बाहेर आहेत. शिवाय हा निकष देशाच्या सरासरी उत्पन्नावर काढला जातो, त्यामुळे सरासरीच्या खाली असलेल्या कुटुंबाला पडणारा भार त्यात दिसत नाही. दुसरे कारण विजेचे. २०२२ मध्ये जगातील सुमारे ६८ कोटी लोकांच्या घरी वीज नव्हती आणि त्यांतील बहुसंख्य लोक सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहत होते. तिसरे कारण अक्षरओळखीचे. जगात सुमारे ७५ कोटी प्रौढांना लिहिता-वाचता येत नाही आणि त्यांत जवळपास दोन-तृतीयांश स्त्रिया आहेत. घरात एकच फोन असेल तर तो कोणाच्या हातात असतो, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा राहत नाही. करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या तेव्हा युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०२० च्या अखेरीस दिलेल्या अंदाजानुसार ३ ते १७ वयोगटातील सुमारे १३० कोटी मुलांच्या, म्हणजे जगातील दोन-तृतीयांश मुलांच्या, घरी इंटरनेट नव्हते. शाळा पडद्यावर गेली, पण या मुलांपर्यंत पडदा पोहोचलाच नाही.

जागतिकीकरणामुळे माहिती स्वस्त आणि वेगवान झाली. मग विषमता कमी व्हायला हवी होती, नाही का?

काही बाबतींत ती कमी झाली आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९९३ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचे तंत्रज्ञान कोणतेही शुल्क न घेता सर्वांना खुले केले. तसे झाले नसते तर आजचे जग वेगळे दिसले असते. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला केरळच्या मच्छीमारांचा अभ्यासही येथे सांगण्याजोगा आहे. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या किनाऱ्यावर मोबाईल फोन आले आणि होडीतूनच वेगवेगळ्या बंदरांवरचे भाव विचारता येऊ लागले. परिणामी बंदराबंदरांतील भावांची तफावत कमी झाली, न विकली गेल्याने फेकून द्यावी लागणारी मासळी जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्के वाढला आणि ग्राहकांना मासळी चार टक्के स्वस्त मिळू लागली.

या उदाहरणात माहिती लहान होती, बोलीभाषेत होती, जवळच्या माणसांकडून मिळत होती आणि ती वापरण्याचे साधन, म्हणजे होडी, मच्छीमाराच्या हाताशी होते. या चारही अटी क्वचितच एकत्र जुळून येतात. त्या जुळत नाहीत तेव्हा काय होते, याचे वर्णन टिचेनॉर, डोनोह्यू आणि ऑलियन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७० मध्येच केले होते. समाजात येणाऱ्या माहितीचा ओघ वाढतो तेव्हा शिकलेले आणि सुस्थितीतील लोक ती अधिक वेगाने आत्मसात करतात, त्यामुळे सर्वांचे ज्ञान वाढूनही त्यांच्यातील अंतर रुंदावते, असा त्यांचा सिद्धान्त होता. जागतिकीकरणाने हाच क्रम देशादेशांच्या पातळीवर नेला. ज्यांच्याकडे माहितीचे भांडवल करण्याची साधने होती त्यांना तिचा लाभ आधी आणि अधिक मिळाला.

ही विषमता इंटरनेटबरोबर आली का?

नाही. इंटरनेटला ती वारशाने मिळाली. अटलांटिक महासागराखालून पहिली तारायंत्राची केबल १८५८ मध्ये टाकली गेली आणि काही आठवड्यांतच ती बंद पडली. टिकाऊ जोडणी १८६६ मध्ये झाली. १८७० मध्ये लंडन आणि मुंबई समुद्राखालील तारांनी जोडली गेली. या तारा व्यापार, नौदल आणि वसाहतींचा कारभार यांच्या गरजेनुसार टाकल्या गेल्या होत्या, म्हणून त्या वसाहतींना राजधानीशी जोडत होत्या. शेजारच्या वसाहतीशी जोडणे हा त्यांचा हेतूच नव्हता.

त्याच वर्षी, १८७० मध्ये, फ्रान्सची हावास, ब्रिटनची रॉयटर्स आणि जर्मनीची वोल्फ या तीन वृत्तसंस्थांनी करार करून जगातील बातम्यांची क्षेत्रे आपसांत वाटून घेतली. ज्या साम्राज्याचे क्षेत्र, त्या साम्राज्याची वृत्तसंस्था, असे त्या वाटणीचे साधारण स्वरूप होते. या मक्तेदारीचा शेवट १९३४ मध्ये झाला. तोपर्यंतच्या सहा दशकांत आशिया किंवा आफ्रिकेतील वर्तमानपत्राला शेजारच्या देशाची बातमी बहुधा लंडन किंवा पॅरिसमार्गेच मिळे, तिथल्या वार्ताहराच्या नजरेतून आणि तिथल्या वाचकाच्या आवडीनुसार निवडलेली.

स्वतंत्र झालेल्या देशांनी १९७० च्या दशकात हा विषय युनेस्कोत लावून धरला. बातम्यांचा ओघ एकाच दिशेने वाहतो आणि आमच्याविषयी जगाला काय कळावे हे आम्ही ठरवत नाही, अशी त्यांची तक्रार होती आणि त्यासाठी ‘नवी माहिती व्यवस्था’ हवी, अशी मागणी होती. युनेस्कोने १९७७ मध्ये आयर्लंडचे मुत्सद्दी शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला, ज्याच्या सदस्यांत कोलंबियाचे लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केझ आणि भारताचे पत्रकार बी. जी. वर्गीस हेही होते. आयोगाचा अहवाल १९८० मध्ये आला आणि त्याने असंतुलनाची तक्रार मान्य केली. मात्र ‘नव्या माहिती व्यवस्थे’च्या नावाखाली सरकारे वृत्तपत्रांची गळचेपी करतील, असा आक्षेप पाश्चात्त्य देशांनी घेतला. १९८४ च्या अखेरीस अमेरिका आणि पुढच्या वर्षी ब्रिटन युनेस्कोतून बाहेर पडले, आणि या वादातून आलेला अमेरिकेचा रोष हे तिच्या बाहेर पडण्याचे एक कारण होते.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. मागणी करणाऱ्या काही सरकारांनी स्वतःच्या देशातील पत्रकारांना तुरुंगात टाकले होते, हे खरे. बातम्यांचा ओघ एकतर्फी होता, हेही तितकेच खरे. भांडणात मूळ प्रश्न मागे पडला, याची खंत आजही वाटते. माहिती समाजाविषयीची जागतिक शिखर परिषद २००३ मध्ये जिनिव्हात आणि २००५ मध्ये ट्युनिसमध्ये भरली, तोवर चर्चेचा भर जोडण्यांची संख्या आणि इंटरनेटचा कारभार यांवर आला होता. कोण बोलते आणि कोणाविषयी बोलले जाते, ही विचारणा मागेच राहिली.

समुद्राखालील केबलींचा या विषयाशी काय संबंध?

खंडाखंडांमधील डेटाची ९५ टक्क्यांहून अधिक वाहतूक आजही समुद्रतळावरील प्रकाशीय तंतूंच्या केबलींमधून होते. ‘क्लाउड’ या शब्दामुळे माहिती आकाशात असल्याचा समज होतो, परंतु ती समुद्राच्या तळाशी, बागेतील पाण्याच्या नळीएवढ्या जाडीच्या केबलींत आहे. युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यामध्ये अशा केबली पुष्कळ आहेत. त्यांतील एखादी तुटली तर वाहतूक दुसरीकडून वळवली जाते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

टोंगा या प्रशांत महासागरातील देशाला बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल एकच होती. १५ जानेवारी २०२२ रोजी समुद्रातील ज्वालामुखीच्या स्फोटाने ती तुटली आणि मुख्य बेटाची जोडणी पूर्ववत व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. दूरच्या बेटांकडे जाणाऱ्या देशांतर्गत केबलीला तर वर्षाहून अधिक काळ लागला. मार्च २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत, आयव्हरी कोस्टजवळ, एकाच वेळी चार केबली निकामी झाल्या आणि अनेक देशांतील बँका, दूरध्वनी व इंटरनेट सेवा विस्कळीत झाल्या. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला तर प्रकाशीय तंतूंची पहिली समुद्री केबल २००९ मध्ये मिळाली. त्याआधी तिथला संपूर्ण भार महागड्या उपग्रह जोडण्यांवर होता. ज्या देशांना समुद्रकिनाराच नाही, त्यांना शेजारच्या देशातून, शेजाऱ्याच्या दराने आणि मर्जीने जोडणी घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. एकाच शहरातील दोन माणसांनी एकमेकांना पाठवलेला निरोप त्यांचे सेवा पुरवठादार वेगळे असतील तर दुसऱ्या खंडात जाऊन परत येऊ शकतो, आणि त्या फेरीचे पैसे गरीब देशाला परकीय चलनात मोजावे लागतात. यावरचा उपाय साधा आहे. देशातल्या देशात पुरवठादारांनी आपली जाळी एकमेकांना जोडावीत यासाठी एक सामाईक केंद्र उभारायचे. केनियात असे केंद्र २००० मध्ये सुरू झाले, प्रस्थापित दूरध्वनी कंपनीच्या तक्रारीवरून नियामकाने ते बंद पाडले आणि २००२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. इंटरनेट सोसायटीच्या पाहणीनुसार केनिया आणि नायजेरिया या दोन देशांत २०१२ च्या सुमारास केवळ ३० टक्के वाहतूक देशातच जोडली जात होती, तर २०२० पर्यंत हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. फारसा गाजावाजा न होता झालेल्या सुधारणांपैकी ही एक फार मोलाची सुधारणा आहे.

उपग्रहांमुळे केबलींची गरज संपणार नाही का?

कमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या ताफ्यांनी दुर्गम बेटे, डोंगराळ प्रदेश आणि आपत्तीग्रस्त भाग यांना खरोखरच मोठा आधार दिला आहे. तरीही केबलींची क्षमता त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक असते, आणि ग्राहकाच्या घरी बसवायच्या यंत्रणेचा खर्च गरीब कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो. शिवाय एखाद्या देशाचे दळणवळण परदेशातील एका-दोन खासगी कंपन्यांच्या निर्णयावर अवलंबून राहणे ही त्या देशासाठी नवी चिंतेची बाब आहे.

वैज्ञानिक माहिती तरी सर्वांना सारखी मिळते का?

मिळत नाही. त्याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण लायबेरियाचे आहे. पश्चिम आफ्रिकेत २०१४ मध्ये इबोलाची साथ पसरली, तेव्हा हा रोग त्या भागात नवाच आला आहे असे धरून चालले होते. या साथीत एकूण ११ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि सर्वाधिक मृत्यू झालेल्या देशांत लायबेरिया होता. साथ ओसरत असताना, २०१५ मध्ये, लायबेरियाच्या आरोग्य मंत्रालयातील एका वरिष्ठ डॉक्टरांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८२ मध्ये एका युरोपीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला शोधनिबंध सापडला. लायबेरियातील लोकांच्या रक्ताच्या नमुन्यांत इबोलाविरोधी प्रतिपिंडे आढळल्याची नोंद त्यात होती. लायबेरियाचा समावेश इबोलाच्या प्रदेशात करायला हवा आणि तिथल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी रुग्णालयांतून साथ पसरण्याची शक्यता ध्यानात ठेवावी, असा स्पष्ट इशाराही त्यात दिला होता.

रक्त लायबेरियाच्या माणसांचे होते आणि इशाराही त्यांच्याचसाठी होता. तरीही तो बत्तीस वर्षे त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. निबंधाच्या लेखकांत लायबेरियाचा एकही संशोधक नव्हता, त्यामुळे तो निष्कर्ष माहीत असलेले आणि तो लावून धरणारे कोणी देशात नव्हते. असा एखादा निबंध संगणकावर उतरवून घ्यायचा तर ४५ डॉलर पडत, आणि तिथल्या डॉक्टरच्या दृष्टीने ती जवळपास अर्ध्या आठवड्याच्या पगाराएवढी रक्कम होती, असे त्या डॉक्टरांनीच जाहीरपणे लिहिले.

माहितीच्या विषमतेविषयी बोलताना ‘माहिती असलेले’ आणि ‘माहिती नसलेले’ अशी जगाची विभागणी केली जाते, ती मला अपुरी वाटते ती यामुळेच. गरीब देश माहितीच्या बाबतीत रिकामे नाहीत. तिथल्या मातीचे, पिकांचे, रोगांचे, भाषांचे आणि माणसांच्या वर्तनाचे तपशील सतत गोळा केले जातात आणि बाहेर नेले जातात. त्यांच्यापासून तयार झालेले ज्ञान मात्र त्यांना परत मिळत नाही, आणि मिळाले तर विकत घ्यावे लागते. कच्चा माल बाहेर जाणे आणि तयार माल चढ्या भावाने परत येणे ही वसाहतकाळाची ओळखीची पद्धत ज्ञानाच्या क्षेत्रात अजून चालू आहे.

मुक्त प्रवेशाच्या चळवळीने हा प्रश्न सोडवला आहे का?

वाचण्याच्या बाजूने बराच सोडवला आहे. शोधनिबंध वाचकांना विनामूल्य उपलब्ध असावेत, ही मागणी फेब्रुवारी २००२ मधील बुडापेस्ट जाहीरनाम्याने ठळकपणे मांडली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या प्रकाशकांशी बोलणी करून गरीब देशांतील संस्थांना वैद्यकीय नियतकालिके मोफत किंवा अल्प दरात देणारी योजना सुरू केली, जी आता ‘रिसर्च फॉर लाइफ’ या व्यापक उपक्रमाचा भाग आहे. जानेवारी २०२० मध्ये नव्या करोना विषाणूची जनुकीय रचना खुली केली गेली आणि त्यानंतर काही दिवसांतच लसींवरील काम अनेक ठिकाणी सुरू झाले. माहिती मोकळी असली की किती वेगाने काम होऊ शकते, याचा एवढा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

लिहिणाऱ्यांच्या बाजूने मात्र नवी अडचण उभी राहिली. वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हटल्यावर अनेक प्रकाशकांनी ते लेखकाकडून घ्यायला सुरुवात केली. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने २०२० मध्ये असे ९,५०० युरोंचे शुल्क जाहीर केले. काही प्रकाशक सर्वांत गरीब देशांतील लेखकांना सूट देतात, परंतु मध्यम उत्पन्नाच्या देशांतील संशोधक मध्येच अडकतात, कारण ते सवलतीस पात्र ठरत नाहीत आणि त्यांना पूर्ण शुल्क परवडतही नाही. म्हणजे वाचनाचे दार उघडले आणि बोलण्याचे दार बंद झाले. लॅटिन अमेरिकेने वेगळी वाट धरली. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘सायलो’ या व्यासपीठावर सार्वजनिक निधीच्या बळावर शेकडो नियतकालिके पोर्तुगीज, स्पॅनिश आणि इंग्रजीतून विनामूल्य प्रसिद्ध होतात. या प्रयोगाकडे इतर खंडांनी द्यायला हवे तेवढे लक्ष दिलेले नाही.

अंध आणि दृष्टिदोष असलेल्या वाचकांसाठीचा मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला, त्याचाही येथे उल्लेख करायला हवा. त्याआधी एका देशात तयार केलेले ब्रेल किंवा ध्वनिमुद्रित पुस्तक दुसऱ्या देशात पाठवताना कॉपीराइट कायदा आड येई, आणि तेच पुस्तक प्रत्येक देशाला नव्याने तयार करावे लागे.

भाषेचा अडसर कितपत मोठा आहे?

माझ्या मते किमतीनंतरचा सर्वांत मोठा, आणि किंमत उतरल्यावरही न हटणारा. जगात सुमारे सात हजार भाषा बोलल्या जातात. ज्यांची भाषा ओळखता येते अशा संकेतस्थळांपैकी जवळपास निम्मी इंग्रजीत आहेत, आणि इंग्रजी ही मातृभाषा असलेले लोक मात्र जगाच्या लोकसंख्येच्या सुमारे पाच टक्के आहेत. ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २००९ मध्ये विकिपीडियातील ठिकाणांविषयीच्या लेखांचा नकाशा काढला, तेव्हा एका देशाचा अपवाद वगळता आफ्रिकेतील इतर कोणत्याही देशापेक्षा अंटार्क्टिकाविषयीच्या लेखांची संख्या अधिक निघाली. जिथे कायमची वस्तीच नाही त्या खंडाविषयी जगाला अधिक वाचायला मिळत होते.

भाषेकडे दुर्लक्ष केल्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे म्यानमारने दाखवले. तिथे एके काळी सिमकार्डासाठी शेकडो डॉलर मोजावे लागत. २०१४ मध्ये परदेशी कंपन्या आल्या आणि ते दीड-दोन डॉलरांत मिळू लागले. काही वर्षांतच कोट्यवधी लोक एकदम इंटरनेटवर आले आणि फेसबुक हेच त्यांच्यापैकी अनेकांसाठी इंटरनेट ठरले. जगभर मान्य असलेल्या युनिकोडऐवजी तिथे ‘झॉजी’ ही वेगळी अक्षरसंकेत पद्धत वापरात होती, त्यामुळे बर्मी मजकूर यंत्राला नीट वाचता येत नव्हता. बर्मी जाणणारे परीक्षकही सुरुवातीला मोजकेच होते. रोहिंग्यांविरुद्धच्या द्वेषपूर्ण मजकुराला पायबंद बसला नाही. आपले प्लॅटफॉर्म हिंसेला चिथावणी देण्यासाठी वापरले जाऊ नये म्हणून आपण पुरेसे केले नाही, अशी कबुली कंपनीने २०१८ मध्ये दिली. २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांनुसार, चुकीची माहिती ओळखण्यासाठी कंपनीने राखून ठेवलेल्या वेळापैकी ८७ टक्के वेळ एकट्या अमेरिकेसाठी होता आणि उरलेल्या साऱ्या जगासाठी १३ टक्के. खरी माहिती शोधण्याची सोय आणि खोट्या माहितीपासून संरक्षण या दोन्ही गोष्टींची वाटणी भाषेनुसार होते, असा याचा अर्थ आहे.

निवडक संकेतस्थळे मोफत देणाऱ्या योजनांना विरोध का होतो? काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे नाही का?

हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला मोफत मिळणारा हवामानाचा अंदाज किंवा आरोग्याचे एखादे पान उपयोगी पडतेच. परंतु अशा योजनांत कोणती संकेतस्थळे मोफत असावीत हे योजना चालवणारी कंपनी ठरवते. परिणामी श्रीमंतांसाठी संपूर्ण इंटरनेट आणि गरिबांसाठी त्यातून निवडलेला तुकडा, असे दोन वर्ग तयार होतात. भारताच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली, आणि फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना त्या देशात थांबली. मला हा निर्णय योग्य वाटतो. मात्र मनाईबरोबरच सर्वांना परवडेल असे पूर्ण इंटरनेट देण्याची जबाबदारीही येते.

सरकारेच इंटरनेट बंद करतात, त्याचा या विषमतेत किती वाटा आहे?

तो वाढत आहे. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तच्या सरकारने आंदोलन दडपण्यासाठी सुमारे पाच दिवस जवळजवळ संपूर्ण देशाचे इंटरनेट तोडले, तेव्हा जगाला धक्का बसला होता. आता अशा बातमीची सवय झाली आहे. ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थेने २०२४ या एका वर्षात ५४ देशांत २९६ वेळा इंटरनेट बंद केल्याची नोंद केली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०१६ मध्ये अशा बंदीचा निषेध करणारा ठराव केला असला, तरी तो बंधनकारक नाही. बंदीचा फटकाही विषम असतो. ज्याच्याकडे दुसरा मार्ग आहे तो निभावून नेतो, पण ज्याची मजुरी, औषध आणि परीक्षा एकाच फोनवर अवलंबून आहे त्याचे सगळे एकदम थांबते.

रेडिओसारखी जुनी साधने आता कालबाह्य झाली आहेत का?

मुळीच नाही. रेडिओला अक्षरओळख लागत नाही, डेटाचे पैसे लागत नाहीत, तो बॅटरीवर चालतो आणि ऐकणाऱ्याच्या बोलीत बोलू शकतो. वादळ किंवा पूर येण्याआधी इशारा द्यायचा असेल तर हे गुण फार मोलाचे ठरतात. ग्रंथालयाचेही तसेच आहे, कारण तिथे माहितीबरोबर ती शोधून देणारा माणूस असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे भाषांमधील अंतर मिटेल का?

यंत्राने केलेले भाषांतर आणि बोलण्याचे लेखनात रूपांतर यांमुळे, ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांच्या भाषेत मजकूर नाही, त्यांच्यासाठी खरोखर नवे मार्ग उघडत आहेत. मात्र ही यंत्रे आधीपासून उपलब्ध असलेल्या लिखित मजकुरावर शिकतात. ज्या भाषेत मजकूर कमी, तिच्यात यंत्र अधिक चुकते. चुकलेले भाषांतर पुन्हा संकेतस्थळांवर चढवले जाते आणि पुढच्या यंत्राच्या शिकवणीत तेच येते. लहान भाषांसाठी चुकीच्या मजकुराचा हा ढीग मजकुराच्या अभावाहून अधिक घातक ठरू शकतो.

मजकूर आणि आवाज गोळा कोण करतो आणि त्यांवर मालकी कोणाची राहते, हा लायबेरियाच्या रक्ताच्या नमुन्यांच्या वेळचाच प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. आफ्रिकेतील संशोधकांनी एकत्र येऊन ‘मासाखाने’ हा समूह उभारला आहे, जो आपल्या खंडातील भाषांसाठी स्वतःच साधने बनवतो. न्यूझीलंडच्या उत्तर भागात माओरी भाषेतील ‘ते हिकू मीडिया’ या प्रसारण संस्थेने २०१८ मध्ये आपल्या लोकांना माओरी वाक्ये वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे आवाहन केले. दहा दिवसांत सुमारे अडीच हजार लोकांनी तीनशेहून अधिक तासांचा आवाज दिला, आणि त्यातून माओरी बोलणे ओळखणारी प्रणाली तयार झाली. हा साठा मोठ्या कंपन्यांच्या हवाली करण्यास संस्थेने नकार दिला. त्याऐवजी माओरी परंपरेतील राखणदारीच्या कल्पनेवर आधारलेला स्वतःचा परवाना तिने तयार केला. आवाज ज्यांचा आहे त्या समाजाच्या हिताचा असेल तेवढाच वापर या परवान्याखाली करता येतो.